फोटो चढतो पण उघडत नाही: अंबडमधल्या एका प्लांटच्या व्हीपीएनची केस

"फोटो अपलोड होतोय, पण उघडत नाहीये." नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका प्लांटच्या क्वालिटी डिपार्टमेंटमधून सोमवारी सकाळी आयटीला आलेला हा पहिला फोन, आणि सगळ्या भानगडीचं उत्तर खरं तर या एका वाक्यातच होतं, फक्त दुपारपर्यंत ते कोणाला ऐकू आलं नाही.

प्लांटचं नाव देत नाही, ज्या पोरानं ते उत्तर शोधलं त्याचंही नाही. प्लांट गाड्यांचे पार्ट बनवतो, अंबड-सातपूरला असे ढिगानं आहेत. आयटीत माणसं तीन: मॅनेजर, एक ईआरपी बघणारा आणि हा. हा म्हणजे डेस्कटॉप सपोर्ट. प्रिंटर, टोनर, हजेरीचं बोटाचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, "माझा मेल जात नाहीये" वगैरे. राहतो सिडकोत, शिक्षण डिप्लोमा, आणि प्लांटला लागायच्या आधी सिडकोतल्याच एका केबल-इंटरनेटवाल्याकडं घरोघरी लाइन जोडायचं काम करायचा. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढं लागणारे. मधल्या काळात त्यानं कॉलेज रोडवर क्लास लावून क्लाउडचं एक सर्टिफिकेटही काढलं होतं, पण इंटरव्ह्यूत "प्रत्यक्ष काय केलंय?" विचारलं की गाडी तिथंच अडायची.

मला हे सगळं नंतर कळलं. तो कॅप्चर फायली (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांची, म्हणजे पॅकेटांची नोंद) घेऊन माझ्याकडं आला होता, त्यामुळं खाली जे लिहितोय ते नुसतं ऐकीव नाही, पॅकेट मी स्वतः बघितलेत.

आधी पार्श्वभूमी. प्लांटमध्ये डिस्पॅच आणि क्वालिटीचं एक घरगुती ॲप्लिकेशन होतं, गेटपास, टेस्ट सर्टिफिकेटची पीडीएफ, रिजेक्ट मालाचे फोटो, असलं. चालायचं प्लांटमधल्याच एका सर्व्हरवर, सेंटओएस ७ या लिनक्सवर. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, त्यानंतर सिक्युरिटी अपडेट बंद, आणि ज्यांना माल जातो त्या कंपनीच्या ऑडिटमध्ये त्यावर शेरा आला. ऑडिटचा शेरा आला की एमआयडीसीत कामं कशी पटापट हलतात ते माहितीये. ठरलं, एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनमध्ये ईसीटू मशीन, म्हणजे भाड्याचा सर्व्हर घ्यायचा, त्यावर उबुंटू २२.०४ हे लिनक्स, आणि प्लांटच्या फायरवॉलपासून (नेटवर्कच्या गेटवरचा पहारा) तिथपर्यंत साइट-टू-साइट व्हीपीएन, इंटरनेटमधूनच काढलेला कुलूपबंद खासगी बोगदा. म्हणजे ॲप्लिकेशन उघड्या इंटरनेटवर नाही, फक्त प्लांटमधून दिसणार. डिझाइन एकदम बरोबर होतं, त्यात खोट नाही.

काम बाहेरच्या व्हेंडरला दिलं. रविवारी शिफ्टिंग झालं, व्हेंडरच्या इंजिनियरनं रात्री घरून तात्पुरता पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट दिसणारा पत्ता) लावून सगळं तपासलं, रिपोर्ट उघडतोय, पीडीएफ उघडतेय, फोटो दिसतोय, सगळं ओके. मग पब्लिक आयपी काढला, मेल टाकला, झोपला. आता बघा, त्यानं टेस्टिंग केलं ते इंटरनेटवरून, आणि सोमवारी वापर सुरू झाला तो व्हीपीएनमधून. दोन वेगळे रस्ते. ज्या रस्त्यानं माणसं जाणार होती तो रस्ता कोणी चालूनच बघितला नव्हता.

सोमवारचं चित्र असं. लॉगिनचं पान उघडतं. लॉगिन होतं. पाच-सात ओळींची यादी दिसते. पण डिस्पॅचचा महिन्याचा रिपोर्ट मागितला की चक्र फिरतंय ते फिरतंयच. पीडीएफ नाही. फोटो चढतो, पण परत बघायला गेलं की पांढरा चौकोन. स्टोअरमधले दादा फोनवर फोन, गेटवर गाडी भरून उभी आणि टेस्ट सर्टिफिकेटशिवाय ती सोडता येत नाही.

व्हेंडरनं पहिली गोष्ट काय केली असेल? मशीन मोठं केलं. टीथ्री मीडियमचं टीथ्री एक्सलार्ज, म्हणजे ४ जीबी रॅमची १६ जीबी. डॅशबोर्डवर सीपीयू चार-पाच टक्क्यांच्या वर जात नव्हता, तरी केलं. फरक शून्य. मग सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे मशीनच्या दारावरचा क्लाउडचा पहारेकरी, सगळ्या जगाला उघडा केला. त्यानंही काही नाही. आणि इथं जरा थांबून विचार करण्यासारखं आहे, कारण सिक्युरिटी ग्रुप अडवत असता तर लॉगिनचं पानसुद्धा आलं नसतं. तो कनेक्शन बघतो, पोर्ट बंद तर कनेक्शन मागणारा पहिला सिन पॅकेटच पडतो. "छोटं येऊ दे, मोठं नको" असं त्याला सांगताच येत नाही. कनेक्शन जुळतंय म्हणजे राउटिंग आहे, पोर्ट उघडा आहे, सर्व्हिस जिवंत आहे. एवढ्यावर अर्धे संशयित सुटतात. पण क्लाउडवाला क्लाउडचं बटण दाबतो, ॲप्लिकेशनवाला कोड उघडतो, आणि इंटरनेटवाला म्हणतो पिंग बघा की, मस्त येतोय.

पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघणं) खरंच मस्त येत होता. अकरा-बारा मिलिसेकंद, एकही लॉस नाही.

मॅनेजर साहेबांचा धीर साडेअकराला सुटला. म्हणाले, पब्लिक आयपी परत लावा, रात्री चालत होतं ना, आज गाड्या निघू दे, उद्या बघू. आणि मला वाटतं या केसमधला खरा धोक्याचा क्षण तोच होता. कारण पब्लिक आयपी लावला असता तर चाललं असतं! "तात्पुरतं" म्हणून लावलेला तो आयपी, वर सगळ्या जगाला उघडा केलेला सिक्युरिटी ग्रुप, आणि मागं लॉगिनला साधे पासवर्ड असलेलं घरगुती ॲप्लिकेशन. पुढच्या ऑडिटपर्यंत तसंच राहिलं असतं, लिहून देतो. पोरगा म्हणाला, "सर, जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या मला, नाही झालं तर लावू." आणि तोवर गेटवरच्या गाडीचं सर्टिफिकेट त्यानं जुन्या सर्व्हरवरून काढून दिलं, तो अजून बंद केलेला नव्हता.

मग तो कशाच्या मागं लागला? एसएसएचनं, म्हणजे लांबून कमांड चालवायच्या दारानं, नव्या सर्व्हरवर शिरला. लॉगिन झालं, छोट्या कमांड चालल्या, आणि एक लांबलचक लॉग फाइल स्क्रीनवर ओतली तर टर्मिनल जागीच गोठलं, एंटर नाही की कंट्रोल-सी नाही. विंडो बंद करून परत शिरला तर परत व्यवस्थित. म्हणजे ॲप्लिकेशनचा संबंधच नाही, एसएसएचलाही तेच होतंय. थोडं बोललं की ऐकू जातं, जास्त बोललं की गप्प. आणि तेही एकाच बाजूनं, कारण अपलोड चालतंय.

इथं त्याला केबलवाल्याकडचे दिवस आठवले. प्रत्येक घरात राउटर बसवताना एमटीयूच्या (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) रकान्यात १४९२ टाकायचा, शेठनं सांगितलं होतं म्हणून. एखाद्या घरी राहिलं की फोन यायचा: काही साइट उघडतात, काही अर्ध्यातच लटकतात. का, ते तेव्हा त्यानं विचारलं नव्हतं आणि शेठलाही माहीत असेल असं नाही. कारण असं की इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइटची जागा असते, पीपीपीओई, म्हणजे ब्रॉडबँडची लॉगिन करून जोडायची पद्धत, त्यातले ८ स्वतःच्या हेडरला (पॅकेटवरची माहितीची पट्टी) खातं, उरतात १४९२. व्हीपीएनचं तर अजून भारी, आयपीसेक हे व्हीपीएनचं कुलूप पूर्ण पॅकेट गुंडाळून वर आपली हेडरं चढवतं, म्हणजे आत जागा अजून कमी.

तेव्हा त्यानं नव्या सर्व्हरवरून प्लांटमधल्या जुन्या सर्व्हरला पिंग केला, पण नेहमीचा ५६ बाइटचा नाही. "तुकडे करू नका" हा झेंडा लावून, मायनस एम डू, आणि आकार १४७२. आयसीएमपीचे (पिंग आणि नेटवर्कचे निरोप ज्यातून जातात ते) ८ आणि आयपीचे २० धरले की बरोबर १५००. एकही उत्तर नाही. एररसुद्धा नाही, नुसती शांतता. १४०० टाकला, आला. १४३६, नाही. असं अर्धं-अर्धं करत १४१० वर येतो आणि १४११ वर मरतो इथपर्यंत पोचला. १४१० अधिक २८ म्हणजे १४३८. रस्त्यात कुठंतरी १४३८ च्या वरचं पॅकेट गायब होतंय, आणि गायब करणारा कोणाला सांगत नाहीये.

एडब्ल्यूएसच्या कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलंय: साइट-टू-साइट व्हीपीएनचा एमटीयू जास्तीत जास्त १४४६, वापरलेल्या एन्क्रिप्शनप्रमाणं आणि मध्ये नॅट (पत्ते बदलणारा राउटर) असेल तर त्याहून कमी, आणि पाथ एमटीयू डिस्कव्हरीला सपोर्ट नाही. हे शेवटचं वाक्य वाचून बहुतेक जण पुढं जातात, आणि ग्यानबाची मेख तिथंच. पाथ एमटीयू डिस्कव्हरी १९९० पासूनची युक्ती आहे, इंटरनेटच्या नियमांच्या कागदांतला आरएफसी ११९१. पाठवणारा पॅकेटवर "तुकडे करू नका" लिहितो, मधल्या राउटरला ते मावलं नाही तर तो टाकून देतो पण उलट निरोप धाडतो, आयसीएमपी टाइप ३ कोड ४, "माझ्याकडं एवढंच मावतं". पाठवणारा मग आकार कमी करतो. तो निरोप आलाच नाही तर पाठवणारा बिचारा तेच मोठं पॅकेट परत परत पाठवत बसतो.

आणि कॅप्चरमध्ये अगदी तेच दिसत होतं. त्यानं दोन्हीकडं टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं टिपणारं टूल) लावला आणि जुन्या सर्व्हरवरून कर्ल या कमांडनं तोच रिपोर्ट मागवला. सिनमध्ये प्लांटची बाजू सांगते माझा एमएसएस (एका पॅकेटमधला जास्तीत जास्त डेटा) १४६०, क्लाउडची बाजू सांगते माझा ८९६१. एवढा मोठा का, तर व्हीपीसीमध्ये (क्लाउडमधलं आपलं खासगी नेटवर्क) ईसीटूचा एमटीयू ९००१ असतो, त्यातून हेडरचे ४० वजा. दोघांतला लहान आकडा धरला जातो, १४६०. म्हणजे दोन्ही टोकांनी आपापल्या गल्लीची रुंदी सांगितली, मधल्या बोगद्याचं कोणी विचारलंच नाही. मग सर्व्हरनं १४४८ बाइटचा डेटा पाठवला, बाकीचे १२ टाइमस्टॅम्पचे, एकूण पॅकेट १५००. पुढच्या ओळी बघण्यासारख्या आहेत: तोच सिक्वेन्स नंबर, परत तोच, परत तोच, आणि दर वेळी मधलं अंतर दुप्पट. प्लांटकडच्या कॅप्चरमध्ये त्या नंबरचं पॅकेट एकदाही नाही. पण सगळ्यात शेवटचा छोटा तुकडा मात्र पोचलेला, आणि प्लांटकडून त्याची पोच पण गेलेली, की शेवटचं मिळालं, मधलं कुठंय?

अपलोड का चालत होतं? कारण त्या बाजूला बोगद्याचं तोंड म्हणजे प्लांटचीच फायरवॉल, आणि ती मात्र आपल्या लॅनमधल्या पीसीला मावत नाही म्हणून नीट कळवत होती. म्हणून क्वालिटीवाल्यांचं पहिलं वाक्य एवढं मोलाचं. जाताना ठीक, येताना नाही. युजर जे शब्द वापरतो ते जसेच्या तसे लिहून घ्यायला पाहिजेत, तिकिटात "ॲप स्लो" लिहिलं की पुरावा गेला.

साहेबांना समजावताना तो म्हणाला, "सर, पुलाच्या कमानीखालून छोटा हत्ती जातोय, कंटेनर अडकतोय, आणि कंटेनर अडकलाय हे मागं सांगायला माणूस नाहीये." साहेबांना एका वाक्यात पटलं. कंटेनर त्यांचे रोज अडकतात.

फायरवॉलचा पासवर्ड व्हेंडरकडं. म्हणून त्यानं आधी सर्व्हरवर एक ओळ मारली, आयपी रूटनं प्लांटच्या नेटवर्ककडं जाणाऱ्या रस्त्याला एमटीयू १४०० लावला. ओळ अशी की सर्व्हर रीबूट झाला की पुसली जाते, म्हणजे चुकलं तरी नुकसान नाही. रिपोर्ट उघडला. पीडीएफ उघडली. दुपारी व्हेंडरला मेल गेला, सोबत दोन्ही कॅप्चर, १४१०-१४११ चा पिंग आणि एक मागणी: टनेलवर एमएसएस क्लॅम्प लावा, म्हणजे टोकांनी सांगितलेला एमएसएस मध्येच कमी करून टाका. हिशोबानं १४३८ वजा ४० म्हणजे १३९८ येतो, पण त्यानं १३६० मागितला, कारण प्लांटची बॅकअप लाइन ब्रॉडबँडची आहे, पीपीपीओईवाली, तिकडं वळलं की अजून ८ बाइट जाणार. आकडा काठोकाठ ठेवला की लाइन बदलल्या दिवशी परत तेच नाटक. संध्याकाळी क्लॅम्प लागला, सिक्युरिटी ग्रुप परत फक्त प्लांटच्या पत्त्यांपुरता बंद केला आणि मशीन परत मीडियम केलं, बिल उगाच कशाला.

एवढी केस. पण मी हे लिहायला घेतलं ते त्यानंतर त्यानं जे केलं त्यासाठी. बहुतेक पोरं इथं थांबतात, सुटलं ना, झालं. यानं कंपनीनं भंगारात काढलेला एक ८ जीबीचा डेस्कटॉप रीतसर विकत घेतला, त्यावर लिनक्स टाकलं आणि घरी तोच बिघाड मुद्दाम बनवायला बसला. क्लाउडचा एक पैसा न घालवता. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस असतात, एकाच मशीनवर वेगवेगळी नेटवर्क उभी करता येतात, आयपी नेटएनएसनं, आणि मध्ये व्हेथच्या जोड्या म्हणजे आभासी केबली. त्यानं तीन बनवल्या: प्लांट, राउटर, क्लाउड. प्लांट-राउटरच्या केबलला एमटीयू १४३८ दिला, पायथॉनचा साधा वेब सर्व्हर चालू केला, मोठी फाइल मागवली. आणि फाइल सरळ आली! दोन संध्याकाळी डोकं खाल्लं त्यानं. कारण काय, तर प्लांटच्या टोकालाच १४३८ दिल्यावर प्लांट सिनमध्येच सांगणार की माझा एमएसएस १३९८, म्हणजे भांडणच मिटलं. अरुंद जागा दोन राउटरांच्या मध्ये पाहिजे, जिथं दोन्ही टोकांना ती दिसत नाही. म्हणून चार नेमस्पेस. तरीही फाइल आली, कारण आता राउटर इमानदारीत आयसीएमपीचा निरोप पाठवत होता. तो निरोप आयपीटेबल्सनं (लिनक्सची फायरवॉल) पाडला, तेव्हा कुठं सोमवार सकाळ परत उभी राहिली.

करून बघणार असाल तर एक सांगतो, इथटूलनं टीएसओ आणि जीएसओ बंद करा, नाहीतर टीसीपीडम्पमध्ये हजारो बाइटची पॅकेटं दिसतील आणि एमटीयू म्हणजे काय यावरचाच विश्वास उडेल. ते कर्नलचं एकत्र बांधलेलं गाठोडं असतं, तारेवर जाताना सुटतं. आणि नेट.आयपीव्हीफोर.टीसीपी अंडरस्कोर एमटीयू अंडरस्कोर प्रोबिंग हे सेटिंग १ करून बघा, निरोप न येताही लिनक्स थोडा वेळ अडखळून स्वतःच आकार कमी करतो. मजा येते.

हाच उद्योग क्लाउडवर केला असता तर व्हीपीएन कनेक्शनचेच तासाला ५ सेंट, महिनाभर डिलीट करायचं विसरलं की ३६ डॉलर. १ फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्हीफोरचे पण तासाला अर्धा सेंट लागतात, वापरा नाहीतर नुसता ठेवा. शिकणाऱ्याच्या खिशाला ही छिद्रं नकोत. क्लाउडवर तेच करा जे घरी होत नाही.

मग क्लास आणि सर्टिफिकेट फुकट गेलं का? नाही. व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवे म्हणजे काय, रूट टेबल कुठं बघायचं, सिक्युरिटी ग्रुप कनेक्शन लक्षात ठेवतो आणि नेटवर्क एसीएल ठेवत नाही, हे शब्द त्याला क्लासनंच दिले. पण क्लाउडचा क्लास सिक्युरिटी ग्रुपपाशी थांबतो, लिनक्सचा परमिशनपाशी, नेटवर्किंगचा सबनेटिंगच्या गणितापाशी, आणि बिघाड मात्र तिघांच्या मधल्या फटीत राहतो. मला कोणी विचारलं तर मी म्हणतो नेटवर्किंग आधी, लिनक्स त्याच्याबरोबरच, क्लाउड सगळ्यात शेवटी. परीक्षाच द्यायची तर लिनक्ससाठी रेड हॅटची आरएचसीएसए द्या, ती पर्याय निवडायची नाही, समोर मशीन ठेवून काम करून दाखवायची परीक्षा आहे.

आणि नाशिकमध्ये राहून काय शिकणार, पुण्याला जावं लागेल, हे रडगाणं मला पटत नाही. नोकरीसाठी जावं लागेल, मान्य. पण शिकायला? हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत नवीन पोराला एका टीमची एक तिकिटांची रांग मिळते, फायरवॉल दुसऱ्या टीमची, राउटर तिसऱ्या. अंबडच्या या प्लांटमध्ये तीन माणसांच्या आयटीत स्विचपासून क्लाउडपर्यंत सगळं एका पोराच्या हाताखालून जातंय. टोनर बदलायचं काम कमीपणाचं वाटतं खरं, पण दोन्ही टोकांना टीसीपीडम्प लावायची मुभा मोठ्या ठिकाणी पाच-सहा वर्षं मिळत नाही.

इंटरव्ह्यूचं म्हणाल तर हिंजवडीतच एक झाला. केस ऐकून समोरच्यानं विचारलं, एमएसएस क्लॅम्प टीसीपीलाच लागू, मग यूडीपीचं (पोच न मागता डेटा पाठवायची पद्धत) काय? याला घरच्या प्रयोगामुळं उत्तर माहीत होतं, रूटवरचा एमटीयू सगळ्यालाच लागतो, म्हणून सर्व्हरवरची ती ओळ नंतर नेटप्लॅनमध्ये (उबुंटूची नेटवर्कची सेटिंग) कायमची टाकलीये. गप्पा अर्धा तास लांबल्या. निवड झाली नाही, त्यांना कुबरनेटीसचा (ॲप्लिकेशनचे डबे अनेक मशीनवर चालवणारी यंत्रणा) अनुभव हवा होता. आता तो तेही बघतोय, आणि तिथं पॉडच्या, म्हणजे त्या डब्यांच्या, नेटवर्कमध्ये परत एन्कॅप्स्युलेशन (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळणं), परत कमी झालेला एमटीयू दिसल्यावर मला मेसेज आला, "सर, हे इथं पण आहे!"

प्लांटमध्ये एक काम अजून बाकीये. एडब्ल्यूएस एका व्हीपीएन कनेक्शनला दोन टनेल देतं, कारण मेंटेनन्सला कधी एक खाली घेतात. यांचा दुसरा अजून वर आलेलाच नाही, व्हेंडर म्हणतो गरज नाही, एकावर चाललंय की. पोरानं एका सुट्टीच्या दिवशी मुख्य लाइन काढून बॅकअपवर १३६० टिकतोय का ते बघून घेतलं, टिकला. दुसऱ्या टनेलसाठी बीजीपी (राउटरांनी आपसात रस्ते कळवायची पद्धत) लावायचं की साधं स्टॅटिक राउटिंग (रस्ते हातानं लिहिणं), यावर सध्या त्याचं आणि साहेबांचं चाललंय. मी बीजीपीच्या बाजूनं आहे, पण फायरवॉलचा पासवर्ड अजूनही व्हेंडरकडंच आहे.